हातचा कोणाकडून घ्यावा?

मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे
यांस,



आपल्या कचेरीत रोज येऊन पडणाऱ्या अर्ज, अहवाल आणि कैफियतींच्या गठ्ठ्यात, ज्यात बदलीची याचना नाही, वेतनाचा तगादा नाही आणि कोणाविरुद्ध फिर्यादही नाही, असे हे पत्र आपणांस काहीसे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. पत्रलेखक ३६ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहे. त्याच्या सेवेची अखेरची वर्षे ज्या शाळेत गेली ती जवळच्या अध्यापक विद्यालयाची सरावशाळा असल्यामुळे, हातात पाठ टाचणाची वही, काखेत तक्त्यांची गुंडाळी आणि मनात परीक्षकाचे भय घेऊन येणारे छात्राध्यापक त्याने पुष्कळ पाहिले. आणि त्यांना पाहून जे वाटत आले ते निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. उद्या जो शिक्षक होणार आहे त्याला आपण काय शिकवावे, याचा ऊहापोह आपल्याकडे विपुल झाला. परंतु पदविकेचा कागद हाती पडल्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे तो कोणाकडून शिकत राहील, हा प्रश्न त्याच्या नशिबावर सोडून देण्याचा शिरस्ता पडला आहे, आणि त्या शिरस्त्याविषयीच मला आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आरंभ माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो. १९८१ साली सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीवर, चार इयत्ता आणि एक खोली अशा एकशिक्षकी शाळेत मी रुजू झालो. पहिल्या सत्रात सारे सुरळीत चालले. पुढे हातच्याची वजाबाकी शिकवावयास घेतली आणि तेथे माझी पदविका अपुरी पडली. ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले की निम्मी मुले उत्तर लिहीत, ३५. मी रीत पुन्हा सांगितली, फळ्यावर दहा उदाहरणे करून दाखविली, घरी वीस करावयास दिली. आणि दुसऱ्या दिवशी पाट्यांवर पुन्हा तेच ३५ पाहून, ही मुले मूळचीच निष्काळजी आहेत, असा निकाल देऊन मोकळा झालो. तथापि निकाल देणाऱ्यालाच तो पटत नव्हता, कारण निष्काळजी माणसाची चूक रोज निराळी असते आणि या मुलांची चूक रोज एकच होती. अखेरीस, सरावपाठाच्या दिवसांत ज्यांच्या वर्गावर मी पाठ घेतले होते त्या वृद्ध गुरुजींना, संकोच गिळून, १५ पैशांचे एक कार्ड लिहिले.

उत्तर अकराव्या दिवशी आले. त्यात उपदेश नव्हता. गुरुजींनी लिहिले होते की, मुले चुकत नसून तुम्हीच शिकविलेला नियम पाळीत आहेत. लहान आकडा मोठ्यातून काढावा एवढे त्यांना पक्के ठाऊक आहे, म्हणून ती सातांतून दोन काढतात, पाचांतून दोन काढतात आणि ३५ लिहून मोकळी होतात. तेव्हा रीत सांगणे बंद करा, दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्यांच्या पुढ्यात ठेवा, २७ काड्या मागा, आणि त्यानंतर कृपा करून गप्प बसा. मी गप्प बसलो. एका मुलीने त्या दोन सुट्या काड्यांकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि येथून काही सूचना मिळण्याचे चिन्ह नाही अशी खात्री झाल्यावर तिने एका जुडीचा दोरा हलकेच सोडला.

महोदय, तो दोरा सुटला त्या क्षणी मला जे उमगले ते असे की, ज्या कोड्यापुढे मी तीन आठवडे डोके आपटीत होतो त्याचे उत्तर बारा कोसांवर एका माणसाच्या मनात तयार होते, आणि त्याच्या-माझ्यामधला सारा पूल म्हणजे एक टपालाचे कार्ड होते. ते कार्ड मी लिहिले नसते तर? कोणीही मला ते लिहावयास शिकविले नव्हते. मानसशास्त्राच्या तासाला मला अध्ययनाच्या उपपत्ती सांगण्यात आल्या, पद्धतीच्या तासाला पाठाच्या पायऱ्या. परंतु अडल्यावर विचारावे कोणाला, विचारावे कसे, आणि विचारल्याने आपली अब्रू जात नाही, हे सांगणारा तास वेळापत्रकात नव्हता.

अशा विचारपुशीच्या संबंधांना शिक्षणशास्त्रात अलीकडे व्यक्तिगत अध्ययन-जाळे म्हणतात. शब्द विद्वानांचा आहे, त्यास हरकत घेणारा मी कोण? पण जाळे म्हटले की मला कोळी आठवतो आणि त्याच्या जाळ्यात सापडणाऱ्याची गत आठवते. त्यापेक्षा आपला गोतावळा हा शब्द मला जवळचा वाटतो. त्यात सख्खे असतात तसे मानलेलेही असतात, देणे असते तसे घेणेही असते, प्रसंगी रुसवाफुगवा असतो, आणि अडीनडीला अपरात्री दार ठोठावण्याचा हक्क असतो. भावी शिक्षकाने नेमणुकीपूर्वीच आपला असा गोतावळा जोडावयास आरंभ करावा, आणि आपल्या परिषदेने त्यास अवसर द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

हे मागणे नवे नाही. गेल्या शतकात बालशिक्षणाची जी वाट आपल्याकडे रुळली तिचा उगम पाहू गेल्यास काय दिसते? काठेवाडातील एक वकील, गिजुभाई बधेका, आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेतून मॉन्टेसोरीबाईंच्या ग्रंथापर्यंत पोहोचतात, वकिली सोडतात आणि १९२० साली भावनगरास बालमंदिर काढतात. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्रमुखपद भूषविणाऱ्या ताराबाई मोडक, ज्यांनी आता इतरांना शिकवावे अशी जगाची समजूत होती, त्या ते पद सोडून गिजुभाईंच्या कार्यात सामील होतात, आणि १९२६ मध्ये तेथेच नूतन बालशिक्षण संघ स्थापन होतो. पुढे १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढतात तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळतात, आणि तेथून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर जाते. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे ध्यानी आल्यावर शाळाच कुरणावर नेण्याची जी कल्पना निघाली, जिला पुढे कुरणशाळा असे नाव मिळाले, ती मॉन्टेसोरीबाईंच्या ग्रंथात नव्हती. ती त्या गुराख्यांकडून आली. परदेशी धर्तीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, मणी आले, तेही त्या भूमीनेच सुचविले. या परंपरेतील कोणतीही व्यक्ती घ्या. ती एका हाताने शिकवीत होती आणि दुसऱ्या हाताने शिकत होती, आणि शिकण्यासाठी आपल्यापेक्षा वयाने, मानाने किंवा विद्येने लहान असलेल्या माणसाकडे जाण्यात तिला कमीपणा वाटला नाही.

सरकारी प्रयत्नांनाही आपल्याकडे जुना इतिहास आहे. १८६१ साली पुण्यातून निघू लागलेले ‘मराठी शालापत्रक’ हे शिक्षकांसाठीच होते. प्रथम कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांच्या संपादनाखाली ते गावोगावच्या पंतोजींपर्यंत जाई. परंतु मिशनऱ्यांवरील टीका सरकारास न मानवल्यामुळे १८७५ साली ते बंद पडले. त्यापूर्वीच, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी स्वतःच्या हिमतीवर ‘निबंधमाला’ सुरू केली होती, आणि खात्याचे पत्रक गेले तरी त्यांचा वाचकवर्ग गेला नाही. हुकमाने पेटलेला दिवा हुकमाने विझतो. माणसांनी आपसांत जोडलेले नाते त्यामानाने चिवट असते.

स्वातंत्र्यानंतर शिक्षकाला एकाकी पाडणाऱ्या या रोगाचे निदान फार स्पष्ट शब्दांत झाले. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ ते १९६६ या काळात ज्या आयोगाने काम केले, आणि ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, त्याने अध्यापक-प्रशिक्षणाचे मूळ दुखणे म्हणून एकाकीपणाकडेच बोट दाखविले: प्रशिक्षणसंस्था विद्यापीठीय जीवनापासून तुटलेल्या, शाळांपासून तुटलेल्या आणि परस्परांपासूनही तुटलेल्या. उपायांपैकी एक म्हणून शेजारच्या शाळांनी एकत्र यावे अशी शाळासंकुलाची योजना आयोगाने मांडली. महाराष्ट्राने १९९४ साली केंद्रप्रमुख हे पद निर्माण करून सुमारे दहा शाळांचे एक केंद्र अशी घडी बसविली, आणि केंद्रातील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसण्याचा प्रघात पाडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळासंकुलाचा पुन्हा उच्चार केला, आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली. निदान झाले, औषध लिहून दिले, ते पुन्हा एकदा लिहून दिले; तरी रोगी एकाकीच का?

माझ्या अल्पमतीस दिसणारे कारण असे की, आपण शाळा जोडल्या, तास मोजले, हजेऱ्या घेतल्या. पण ज्या एका गोष्टीवर गोतावळा उभा राहतो त्या अज्ञानाच्या कबुलीला आपल्या कारभारात जागाच ठेवली नाही. फार वर्षांपूर्वीच्या एका मासिक सभेत एका तरुण शिक्षिकेने उभे राहून विचारले की, वर्गातील तीन मुले अक्षरे सुटी ओळखतात पण शब्द म्हणून वाचीत नाहीत, यास काय करावे? प्रश्न लाखमोलाचा होता. सभेत तीस वर्षे पहिलीचा वर्ग शिकविलेल्या दोघी बसल्या होत्या, त्यांना उत्तर खचित ठाऊक असावे. पण त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच व्यासपीठावरून प्रतिप्रश्न आला, “बाई, मग आपण पदविका कशी मिळविली?” सभा हसली. त्या बाईंनी त्यानंतर माझ्या आठवणीत कधी काही विचारले नाही, आणि त्या दिवशी हसलेल्यांपैकीही कोणी विचारले नाही. कोणा एका माणसावर दोष ठेवण्यासाठी हे सांगत नाही. प्रश्न विचारणे म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाब, हा समज ज्या हवेत पोसला जातो ती हवा आपण सर्वांनी मिळून तयार केली आहे.

आणि ही हवा छात्राध्यापकास प्रशिक्षणातच लागते. सरावशाळेचा मुख्याध्यापक या नात्याने मी जे पाहिले ते सांगतो. गुणदानाचा पाठ असला की आदल्या दिवशी छात्राध्यापक हळूच वर्गात येतो, उद्याचे प्रश्न आणि उद्याची उत्तरे मुलांना सांगून ठेवतो, कोणी हात वर करावा आणि कोणी करू नये याचीही वाटणी होते. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर ते नाटक यथासांग पार पडते, आणि निरीक्षणाच्या वहीत शेरा पडतो, ‘पाठ प्रभावी झाला.’ मुले भाबडी. एकदा एका मुलाने प्रश्न पुरा होण्याच्या आधीच उत्तर दिले, तेव्हा परीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिले आणि मी खोकलो. तो छात्राध्यापक लबाड होता असे आपण समजू नये. जेथे फसलेल्या पाठाचे गुण कापले जातात तेथे पाठ फसू न देण्याची तजवीज करणे हे शहाणपण ठरते. पण जो पाठ फसतच नाही त्याविषयी कोणाला काय विचारणार? प्रशिक्षणाच्या काळात आपण त्याला अडचण लपविण्याची तालीम देतो आणि सेवेत आल्यावर त्याने ती उघडपणे मांडावी अशी अपेक्षा धरतो.

आता कोणी म्हणेल की, ही जुन्या माणसाची जुनी कुरकुर आहे. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, प्रत्येक केंद्राचा व्हॉट्सॲपचा गट आहे, २०१७ पासून ‘दीक्षा’ हा शिक्षकांसाठीचा संगणकीय मंच आहे. कार्डाच्या उत्तरासाठी अकरा दिवस थांबण्याचे कारण उरले नाही. हे खरे आहे, आणि साधनांना नावे ठेवणारा मी नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर संकेत छापलेली पाठ्यपुस्तके वापरात आणली, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळताच त्याची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. खेड्यातल्या शाळेचे सोयरे आज किती दूरवर असू शकतात याचे याहून चांगले उदाहरण मी कोणते द्यावे? परंतु केंद्राचा गट उघडून पाहावा तर काय आढळते? ‘तात्काळ माहिती भरा’ असे परिपत्रक, त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याखाली सणाचे चित्र, आणि पुन्हा ‘स्मरणपत्र क्रमांक २’. साधन वेगवान झाले, पण त्यावरून जाणारा प्रश्नच नसेल तर वेग कशाचा? टपाल सावकाश होते. त्यातून जे गेले ते मात्र प्रांजळ होते.

यास्तव माझ्या विनंत्या थोड्या आहेत, आणि त्यांसाठी नवीन पद किंवा नवीन इमारत लागणार नाही. पहिली विनंती अशी की, दोन वर्षांच्या पदविकेतील सरावपाठांपैकी काही पाठ गुणांच्या कक्षेबाहेर काढावेत. त्यांत छात्राध्यापकाने मुद्दाम आपणांस न येणारा, अवघड घटक घ्यावा, तो कोठे फसला हे लिहावे, आणि त्याविषयी कोणाकोणाला विचारले व त्यांनी काय सांगितले ते त्याखाली नोंदवावे. दुसरी अशी की, केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत त्या परिसरातील छात्राध्यापकांना बसावयास जागा असावी. त्यांनी सतरंज्या घालाव्यात आणि चहा द्यावा, यासाठी नव्हे. कीर्तनात नवखा माणूस बुवांच्या मागे टाळ घेऊन वर्षानुवर्षे उभा राहतो आणि कोणी न शिकविता कीर्तनाची बांधणी त्याच्या अंगात भिनते, तसे जाणत्या शिक्षकांचे अडणे, वाद घालणे आणि चुकीची कबुली देणे त्यांच्या कानांवरून जावे, यासाठी. तिसरी, आपल्या परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ मासिक आहेच. त्यात यशोगाथांना जसे स्थान मिळते तसे एखादे पान न सुटलेल्या प्रश्नांना द्यावे, ज्यावर विचारणारा नवखा असेल आणि उत्तर देणारी कोठल्याशा वाडीवरची, कधीही व्यासपीठावर न गेलेली बाई असेल.

मात्र एक भीती येथेच सांगून ठेवतो. या विनंत्या मान्य झाल्याच, तर गोतावळ्याची नोंदवही, गोतावळ्याचा विहित नमुना आणि महिनाअखेरीस ‘या महिन्यात किती जणांस विचारले’ असा तक्ता, एवढे मात्र कृपा करून काढू नये. आपण अवसर द्यावा. नाते ज्याचे त्याने जोडावे.

ज्याने ते जोडावयाचे आहे त्या छात्राध्यापकाशीही, आपल्या अनुज्ञेने, याच पत्रातून दोन शब्द बोलतो. बाबा रे, किंवा बाई ग, तुझी पदविका आणि तुझी नेमणूक यांमध्ये वर्षे जातील, आणि नेमणूक होईल तेव्हा तू लातूरचा असून मेळघाटात असशील, जेथे तुझ्या वर्गातील मूल घरी कोरकू बोलते. ती मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातील निराळी भाषा आहे, आणि तिथे तुझ्या पाठ टाचणाचा पहिला शब्दच अडेल. त्या दिवशी तुझा गुरू कोण? त्या पाड्यावरची जी आजी नातवंडाला अंघोळ घालताना त्याच्याशी बोलते ती तुझी गुरू. तिच्या ओट्यावर जाऊन बस. आज तुझ्याशेजारी बसणारा वर्गमित्र, जो तुझ्या पाठातील दोष तोंडावर सांगतो आणि म्हणून तुला आवडत नाही, त्याचा पत्ता जपून ठेव; तुझी स्तुती करणारे पुढे पुष्कळ भेटतील. सरावशाळेतील एखाद्या गुरुजींना किंवा बाईंना पाठ संपल्यावर भेट, आणि ‘कसा झाला?’ असे न विचारता ‘मुले कोठे हरवली?’ असे विचार. पहिल्या प्रश्नाला सभ्यता उत्तर देते, दुसऱ्याला अनुभव. आणि घेतलेले फेडावयास विसरू नकोस. तुला जे उमगले ते, कितीही क्षुल्लक असो, कोणाला तरी लिहून कळव. ज्या घरून नुसते मागणे येते त्या घराशी सोयरीक फार काळ टिकत नाही.

संचालक महोदय, मी ज्या वजाबाकीपासून निघालो तेथे परत येतो, कारण त्या मुलांचा नियम मला पुढे साऱ्या शिक्षकवर्गात दिसू लागला. दोनांतून सात जात नाहीत असे दिसताच ती मुले शेजारच्या दशकाकडे हात पसरीत नसत; ती गणितच उलटे करून सातांतून दोन काढीत, आणि उत्तर मिळाल्याच्या समाधानात राहत. एकट्या पडलेल्या शिक्षकाचेही असेच होते. जे आपल्याला पेलत नाही त्यासाठी शेजाऱ्याकडे जाण्याऐवजी तो पाठच आपल्याला पेलेल असा उलटून घेतो: अवघड घटक उरकतो, अडणारे मूल मागल्या बाकावर सारतो, वर्षाअखेर निकाल लावतो, आणि त्याच्या पाटीवर ३५ असते. बाहेरून पाहणाऱ्यास उत्तर लिहिलेले दिसते, म्हणून ते तपासण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्याला लाल शाईची गरज नाही. समोर जुडी ठेवून थोडा वेळ गप्प बसणारे कोणी भेटले, तर दोरा तो स्वतःच सोडील.

माझे ते १५ पैशांचे कार्ड गुरुजींनी जपून ठेवले होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलाने ते मला आणून दिले. मागच्या कोऱ्या कडेवर गुरुजींच्या हातचे बारीक अक्षर होते. मला उत्तर लिहिण्यापूर्वी त्यांनी स्वतः आणखी एका शिक्षकाला विचारले होते, आणि त्याचे नाव व गाव तेथे टिपून ठेवले होते.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक